मदत हवी आहे: पाण्याखालचा रोबो जागेवर बसून मिनिटात 18 मीटर "सरकतो"

नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आम्ही चौघं पाण्याखाली स्वतःहून फिरणारा छोटा रोबो बनवतोय आणि तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय. पाण्यात जीपीएस येत नाही म्हणून आत साधा मेम्स आयएमयू (हालचाल आणि फिरणं मोजणारी छोटी चिप) टाकलाय, त्यातल्या अ‍ॅक्सिलरोमीटरच्या (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरच्या) रीडिंगचं दोनदा इंटिग्रेशन केलं की अंतर मिळेल असा सरळ हिशोब होता. काल रोबो पूलच्या काठावर नुसता ठेवला, कुणी हातही लावला नाही, तरी मिनिटभरात स्क्रीनवर 18 मीटर लांब, दोन मिनिटांत 70! पूल आहे 25 मीटरचा.

डेटाशीटवर बायस (सेन्सर स्थिर असतानाही दाखवतो ती चूक) 1 मिली-जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाइतका आहे, कागदावर मांडलं तर 0.0098 गुणिले 60 चा वर्ग भागिले 2, म्हणजे 17.6 मीटर, म्हणजे कोड बरोबरच आहे. बायस वजा करून पाहिला, पण रोबोचा कल ओळखण्यात 0.06 अंशाची चूक झाली तरी गुरुत्वाकर्षण तेवढंच आडवं घुसतं. सर म्हणतात कालमन फिल्टर (वेगवेगळी मोजमापं जुळवून अंदाज सुधारणारं गणित) ट्यून करा, पण त्याला ताडून बघायला दुसरं मोजमापच नाही तर तो काय करणार? 1958 साली नॉटिलस पाणबुडी आयएनएसच्या (फक्त जायरो आणि अ‍ॅक्सिलरोमीटरवरून जागा काढणाऱ्या यंत्रणेच्या) भरवशावर बर्फाखालून उत्तर ध्रुवापर्यंत गेली, आम्हाला 25 मीटर जमत नाहीत. डीव्हीएल (तळावर ध्वनिलहरी सोडून वेग मोजणारं यंत्र) बजेटच्या फार बाहेर आहे. थ्रस्टर (रोबोला पाण्यात ढकलणारी पंख्याची मोटर) चालू केला की होकायंत्रही भरकटतं. प्लीज कुणीतरी सुचवा, महिन्यावर डेमो आलाय.

प्रतिसाद १:
फिल्टरबद्दल तुझं बरोबर आहे. मी जहाजावर इलेक्ट्रिकलला होतो, तिथला फायबर ऑप्टिक जायरो (प्रकाशाने फिरणं मोजणारा सेन्सर) पृथ्वीचं ताशी 15 अंश फिरणं पकडून उत्तर शोधतो, तुझ्या मेम्स जायरोचा स्वतःचा ड्रिफ्टच (हळूहळू साठत जाणारी चूक) बहुतेक तेवढा असेल, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस. खोलीसाठी प्रेशर सेन्सर लाव, तो स्वस्त आहे आणि उभी दिशा नुसत्या आयएनएसवर कधी टिकतच नाही. खाली बघणारा कॅमेरा लाव, पूलच्या टाइल्स मोजून वेग काढ, टाइलचा साइझ माहीत असतो. वेग मिळाला की एकदाच इंटिग्रेशन, चूक वेळेच्या वर्गाने वाढत नाही. मॅग्नेटोमीटर, म्हणजे तुझं होकायंत्र, थ्रस्टरच्या वायरपासून जमेल तितका लांब ने, वायरी पिळून घे. आणि मधेमधे तळावर टेकवून फिल्टरला सांग की आत्ता वेग शून्य आहे, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

धागाकर्ता:
दादा, खूप आभार, टाइल्सचं डोक्यातच आलं नव्हतं! कॅमेरा आहेच आमच्याकडे. रविवारी पूल मिळतोय, लॉग इथेच टाकतो.