मदत हवी आहे : अकरावीसाठी आयबी डिप्लोमा निवडावा का?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगी यंदा दहावीला आहे आणि पुढे नेहमीच्या विज्ञान शाखेऐवजी आयबी डिप्लोमा करायचा, असे तिच्या मनाने घेतले आहे. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) या संस्थेचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मी गेले काही आठवडे नीट वाचून पाहिला. सहा विषय, त्यांपैकी किमान तीन उच्च स्तरावर, आणि एकूण ४५ गुण, ही रचना समजली. परंतु मला खरे मोल वाटले ते ४,००० शब्दांपर्यंतच्या स्वतंत्र शोधनिबंधाचे, कारण प्रश्न स्वतः निवडायचा, पुरावे गोळा करायचे आणि आपले म्हणणे टप्प्याटप्प्याने मांडायचे, ही सवय आपल्याकडे पदवीपर्यंतही क्वचितच लागते. (पंचगंगेच्या पुरावर लिहायचे, हे तिने आत्ताच ठरवून टाकले आहे.)

ज्यांच्या मुलांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. उच्च स्तरावरील गणित आणि भौतिकशास्त्र सांभाळून एमएचटी-सीईटीची तयारी झाली का, की वेगळी शिकवणी लावावी लागली? मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैत लागतो, त्यामुळे राज्यातील प्रवेशात अडचण आली का? तिला पुण्यात वसतिगृहात ठेवण्याचाही विचार आहे. घरापासून दूर राहून एवढा अभ्यास मुलांना झेपतो का, हीच मला सर्वांत मोठी काळजी आहे.