अनोळखी खेळाडूचे गिअर न विचारता पाहावे का?

प्रश्न
आजवर एकट्याने खेळायचे गेमच खेळत आलो असून ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम नुकताच सुरू केला आहे. काल शहरात उभ्या असलेल्या एका खेळाडूची तलवार नजरेत भरली, म्हणून मी त्याला ‘चेक’ करून त्याचे सगळे गिअर, म्हणजे अंगावरची शस्त्रे, चिलखत वगैरे, पाहिले. असे केले की समोरच्याच्या चॅट-लॉगमध्ये आपल्या नावासह तशी ओळ उमटते, याची मला कल्पना नव्हती. त्याने “काही काम होते का?” असे विचारले आणि मी गडबडून, उत्तर न देताच तेथून निघून गेलो. तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. न विचारता पाहणे असभ्यपणाचे मानतात का?

प्रतिसाद १
पाहण्यात गैर काहीच नाही. या खेळात एखाद्याने विक्रीस मांडलेला माल पाहायचा असला, तरी त्याला चेकच करावे लागते. त्यामुळे नावाशेजारी बाजाराचे चिन्ह लावून उभ्या असलेल्या खेळाडूच्या लॉगमध्ये अशा ओळी सतत येत असतात आणि त्याला त्यांचे काही वाटत नाही. तुमचे चुकले ते उत्तर न देण्यात. “तलवार आवडली, कशी मिळवलीत?” एवढे विचारले असते, तरी ती मिळवण्यासाठी महिनोन्महिने खपलेल्या माणसाने आनंदाने सगळे सांगितले असते. मात्र एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा चेक करू नये, कारण तुमचेच नाव चार-पाच वेळा उमटले की कुतूहलाची जागा पाळत घेते.

प्रतिसाद २
माझ्या मते पाहण्यापेक्षा पाहिल्यानंतर काय बोलतो, याला अधिक महत्त्व आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात इन्स्पेक्ट (तेथले ‘चेक’) केल्याचे समोरच्याला खेळाकडून कळवले जात नाही, तरीही सर्वांत जास्त मने मी तेथेच दुखावलेली पाहिली आहेत. 2008 मध्ये आलेल्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्ताराच्या काळात ‘गिअरस्कोर’ नावाचा ॲडऑन (खेळाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) पसरला आणि संपूर्ण गिअरची किंमत एका आकड्यात मोजली जाऊ लागली. आकडा कमी दिसला की माणसाला एक शब्दही न बोलता ग्रुपमधून काढून टाकत.

एकदा 25 जणांच्या रेडमध्ये, म्हणजे गटाने मिळून केलेल्या मोठ्या मोहिमेत, लीडरने माझ्या बुटांवर एन्चँट (ताकद वाढवणारा मंत्र) नसल्याचे सर्वांच्या देखत चॅटमध्ये जाहीर केले. ते बूट मला त्याच मोहिमेत आधीच्याच बॉसला (मोठ्या शत्रूला) हरवून मिळाले होते आणि एन्चँट करायला शहरात जाण्याइतकी उसंतही मिळाली नव्हती. इन्स्पेक्टमध्ये त्या क्षणी अंगावर जे आहे तेवढेच दिसते. बॅगेत दुसरा संच असू शकतो, किंवा माणूस मासेमारी करताना हातात गळ घेऊन उभा असू शकतो.

लीडरला तपासण्याचा हक्क आहे, हे मी मनापासून मान्य करतो, कारण इतरांची अख्खी संध्याकाळ त्याच्या निवडीवर अवलंबून असते. पण जे सांगायचे ते त्याने व्हिस्परमध्ये, म्हणजे खासगी संदेशात, सांगावे, आणि आधी कारण विचारावे. ग्रुपमध्ये नसलेल्या अनोळखी खेळाडूला तर मागितल्याशिवाय सल्ला देऊच नये.

प्रतिसाद ३
थोडे विषयांतर वाटेल, पण ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयानांच्या खेळात हेच कृत्य धमकीसारखे असते. तेथे कार्गो स्कॅनरने मालवाहू जहाजातील माल दिसतो आणि लुटारू हल्ला परवडेल का याचा हिशेब त्यावरूनच करतात. म्हणून नव्या खेळात उतरताना तेथे या पाहण्याचा काय अर्थ घेतला जातो, हे जुन्या खेळाडूंना आधी विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज त्याच खेळाडूला टेल (खासगी संदेश) पाठवून कालच्या वागण्याबद्दल क्षमा मागितली आणि तलवारीविषयी विचारले. ती मिळवायला त्याला किती वेळ लागला, हे तो बराच वेळ सांगत होता; शेवटी त्याने मला चेक केले आणि “ढाल बदलायला हवी, सांगू का कोणती?” असे विचारले. मी हो म्हणालो.