विषय: समईची मधली ज्योत हलत नाही

तात्या: मंडळी, चार ज्योती हलतात, मधली ढिम्म. गणपतीच्या आमंत्रणाचं वेबपान आज रात्री जायचंय. त्यावरच्या समईच्या चित्राची एसव्हीजी फाइल कोणाकडे आहे?

ताई (वेबसाइट): माझ्याकडे. मधल्या ज्योतीच्या ॲनिमेट टॅगमध्ये, म्हणजे हालचाल सांगणाऱ्या ओळीत, 'ड्युर' (एका फेरीचा वेळ) लिहिलेलंच नाही. ते नसलं की कालावधी अनंत धरला जातो आणि ज्योत पहिल्याच स्थितीत राहते. २ सेकंद घातलेत, बाकीच्यांसारखेच.

दादा: पाचही वाती एकदम कशा वाकतील? आमच्या चिपळूणच्या देवघरात आजी समई लावायची, प्रत्येक ज्योत आपापल्या परीने डुलायची. १.३, १.७, १.९, २.३, २.९ सेकंद असे द्या, चक्रं लवकर जुळत नाहीत.

सजावट समिती: चित्र आम्ही काढलंय. वेळा बदलण्याआधी आम्हाला विचारायला हवं होतं.

तात्या: विचारतोय की आता. दादा म्हणतो ते पटतंय का?

सजावट समिती: वेळा पटल्या. पण पुढल्या वेळी आधी विचारा.

काकू: आमच्या ह्यांना चक्करेचा त्रास आहे. फोनवर हालचाल कमी करून ठेवलीय, तरी ज्योती हलतातच.

ताई: काकू, ड्युरवालं ॲनिमेशन ती सेटिंग आपणहून पाळत नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, केलं तर मीडिया क्वेरी (फोनची सेटिंग पाहणारी अट) लिहून थांबवता येतं. आज तेवढा वेळ नाही. 'रिपीटड्युर', म्हणजे एकूण किती वेळ हलायचं ते, ४.५ सेकंद ठेवते. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपुढे चालणाऱ्या हालचालीला थांबवायची सोय द्यावी, असं डब्ल्यूसीएजी (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) सांगतं.

अण्णा: गणपतीपुढची समई साडेचार सेकंदांत शांत करायची? मला मान्य नाही.

ताई: अण्णा, शांत होत नाही हो. 'फिल'मध्ये (हालचाल संपल्यावर काय करायचं ते) 'फ्रीझ' लिहिलं की ज्योत असेल तिथेच थांबते, दिसत राहते. ते नसलं तर मूळ जागी उडी मारते, ते वाईट दिसतं.

दादा: सीएसएसमध्ये नेलंत की एकक विसरू नका. एसव्हीजीत नुसता २ लिहिला तर २ सेकंद धरतात, सीएसएस तो सरळ बाद करतं आणि कालावधी शून्यच राहतो. दिवाळीचा कंदील त्यानेच थांबला होता.

काकू: कंदिलाचं राहू दे. ताई, साडेचार सेकंद चालतील, तेवढ्यापुरते आमचे हे डोळे मिटून घेतील. मोदकांना नारळ कोण आणतंय?

अण्णा: नारळ मी आणतो. पण सीएसएसचं काम गणपतीच्या आधी व्हायलाच हवं, मग ज्यांना चालतं त्यांना ज्योत तेवती दिसेल. थांबवायचं बटणही द्या.

ताई: शनिवारी करते. दादा, पाचही ज्योतींच्या वेळा एककासकट पाठव.