सेल्टिक्सचं गाठोडं माझ्या गळ्यात: दुसऱ्या एप्रनखाली यायचंय, कुणाला ठेवू?

राखीव_खेळाडू:

आम्ही बारा मित्र मिळून एक कागदी लीग चालवतो. प्रत्येकाकडे एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) एक संघ, नियम खऱ्या एनबीएचे जसेच्या तसे, सामने कॉम्प्युटरवर. यंदा चिठ्ठीत माझ्या वाट्याला बॉस्टन सेल्टिक्स आला. सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, २०२४ चा विजेता संघ आयता मिळाला. मीही दोन दिवस हवेत होतो. मग पगाराचा तक्ता उघडला.

२०२५-२६ साठी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा (तिच्या वर गेलं की दंड) १८ कोटी ७९ लाख, त्यावर आणखी निर्बंध आणणाऱ्या दोन रेषा, म्हणजे एप्रन: पहिलं एप्रन १९ कोटी ५९ लाख, दुसरं २० कोटी ७८ लाख. माझ्याकडे टेटम ५ कोटी ४१ लाख, जेलन ब्राऊन ५ कोटी ३१ लाख, हॉलिडे ३ कोटी २४ लाख, पोर्झिंगिस ३ कोटी ७ लाख, व्हाईट २ कोटी ८१ लाख. बेरीज करा. पाच जणांतच १९ कोटी ८४ लाख! म्हणजे पहिलं एप्रन मैदानावर उतरणाऱ्या पाचातच संपलं. हाउझर आणि प्रिचर्ड धरले की २१ कोटी ५६ लाख. सात माणसं, दुसऱ्या एप्रनच्या वर, आणि बाकावर अजून निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या.

वर टेटमचं अकिलिस (टाचेमागची कंडरा) मे महिन्यात फाटलं, ते आमच्या लीगमध्येही धरलं जातं. तो खेळणार नाही, पण पगार पूर्ण मोजला जाणार.

माझा बेत असा: ब्राऊनला विकायचं. एका घावात ५ कोटी कमी, बाकी सगळे घरात. बरोबर आहे ना? की मी पुन्हा माती खातोय? मागच्या वर्षी दुसऱ्या संघाचं काय केलं ते सांगतो म्हणजे माझी पातळी कळेल. उन्हाळ्यात कॅपमध्ये जागा हवी म्हणून स्वतःच्याच तीन फ्री एजंट्सचे (करार संपलेल्या खेळाडूंचे) बर्ड राईट्स, म्हणजे त्यांना परत घ्यायचा खास हक्क, सोडून दिले. मोठ्या माणसासाठी सोन्याचं ताट मांडलं, माणूस आलाच नाही, आणि ते तिघंही गेले.

पगारपत्रक:

मी दिवसा लोकांचे पगार काढतो आणि रात्री हे असले तक्ते बघतो, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या जुन्या जखमेबद्दल, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. एनबीएची कॅप ही भिंत नाही, जाळी आहे. १९८४-८५ मध्ये ती ३६ लाख डॉलरवर आली तेव्हापासूनच तिला भोक आहे: आपल्याच खेळाडूला परत घ्यायचं असेल तर कॅप ओलांडून देता येतं. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जातो तो हक्क हाच. तीन मोसम तुमच्याकडे (किंवा ट्रेडमधून, म्हणजे संघांच्या अदलाबदलीतून, हक्कासकट आलेला) असेल तर पूर्ण हक्क, दोन असतील तर अर्धामुर्धा, एकच असेल तर जेमतेम. तुम्ही तो हक्क पानावर खोडून टाकलात. पैसे वाचले असं वाटलं, पण वाचलेले पैसे वापरायला माणूस लागतो.

आता बॉस्टन. ब्राऊनला विकून ५ कोटी 'कमी' होत नाहीत, कारण समोरच्या संघालाही पगार जुळवायचा असतो. तो तुम्हाला साधारण तेवढ्याच पगाराची माणसं परत देणार. पगार खरोखर उतरवायचा असेल तर कॅपमध्ये रिकामी जागा असलेला कुणीतरी हवा, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तशी मोठी जागा जवळपास एकट्या ब्रुकलिनकडे होती. दुसऱ्या एप्रनच्या वर असताना तर हात बांधलेलेच: दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा माणूस आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. आणि बॉस्टन २०२४-२५ मध्ये त्या रेषेच्या वर होतं, म्हणून २०३२ चा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठलेला आहे. तो विकता येणार नाही. तुमचे मित्र नियम खरंच जसेच्या तसे पाळत असतील तर तो कुलूपबंद असेल, बघून घ्या.

मग कुणाला सोडायचं? सगळ्यात महागडा कोण, हे मी आधी बघत नाही. वय आणि कराराची लांबी शेजारी शेजारी लिहितो. हॉलिडे जूनमध्ये ३५ चा झाला आणि त्याचा करार २०२७-२८ पर्यंत आहे. खेळाडू उत्तम, माणूस त्याहून उत्तम, पण त्या कराराचं शेवटचं वर्ष कुणाच्या तरी अंगावर पडणार आहे. ते तुमचं नसावं. पोर्झिंगिसचं उलट: एकच वर्ष उरलंय, म्हणून घेणाऱ्याला धाक नाही. हे दोघं विकले जाऊ शकतात. खऱ्या बॉस्टनने नेमकं तेच केलं. हॉलिडे पोर्टलंडला आणि बदल्यात सायमन्स, पोर्झिंगिस अटलांटाला. हॉरफर्ड गोल्डन स्टेटला गेला, कॉर्नेट सॅन अँटोनिओला.

सायमन्सचा पगार २ कोटी ७७ लाख. म्हणजे हॉलिडेपेक्षा फक्त ४७ लाख कमी. एवढ्यासाठी कोण एवढा बचावपटू देतो, असं वाटेल. पण बॉस्टन 'रिपीटर' आहे: आधीच्या चारपैकी तीन वर्षं टॅक्स भरलेला. त्यांना रेषेच्या वरच्या पहिल्याच डॉलरला ३ डॉलर दंड आणि वरच्या पायऱ्यांवर सहा-सात, पुढे आणखी. तिथे ४७ लाख हे ४७ लाख नसतात. शिवाय सायमन्सचा करार त्याच मोसमात संपतो, पुढच्या वर्षांचा बोजाच उतरला.

आणखी एक. टॅक्स नियमित मोसमाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर मोजतात. ऑक्टोबरमध्ये थोडे वर असलात तरी फेब्रुवारीच्या ट्रेड डेडलाईनपर्यंत अवधी आहे. सगळं जुलैतच उरकायची घाई करू नका. घाई दिसली की समोरचा भाव वाढवतो.

डोंगरमाथा:

डेन्व्हरचा चाहता म्हणून बोलतो. पगारपत्रक साहेबांनी बर्ड राईट्सचं 'जेमतेम' म्हटलं ना, ते जेमतेम आमच्या काळजात रुतलंय.

२०२३ ला आम्ही जिंकलो. ब्रूस ब्राऊन बाकावरून यायचा आणि सामने फिरवायचा. आमच्याकडे एकच मोसम होता तो, पगार साधारण ६५ लाख. नियमाने आम्ही त्याला १२० टक्के, म्हणजे ७८ लाखांच्या आसपासच देऊ शकत होतो. मालकाने तिजोरी उघडून ठेवली असती तरी एक छदाम जास्त देता आला नसता! इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी समोर ठेवले. जाणारच. मी असतो तर धावत गेलो असतो. पुढच्या उन्हाळ्यात कॅल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला, तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख. तिथे मात्र हक्क होता, द्यायची हिंमत नव्हती. दोन्ही जखमा वेगळ्या आहेत.

आणि इंडियानाची चलाखी बघा. ब्राऊनला त्यांनी सहा महिने वापरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचाच २ कोटी २० लाखांचा पगार जुळवणीला लावून टोरंटोकडून सियाकाम उचलला. दीड वर्षात फायनल. तेव्हा त्यांना 'एवढे कशाला दिले' म्हणून हसणाऱ्यांत मी होतो. तुमच्या तक्त्यातले मधले पगार निव्वळ खर्च समजू नका. ती सुटी नाणी आहेत. एक सुपरस्टार आणि चौदा किमान पगारवाले असा संघ बांधलात तर पुढे बदल करायला हातात काहीच राहत नाही.

फुकटचा_सल्ला:

एवढं डोकं कशाला लावायचं? स्टारला सांगायचं, बाबा रे कमी घे. ब्रन्सनने नाही का घेतले? न्यूयॉर्क निक्ससाठी ११ कोटी सोडले त्याने. आणि तुमच्या लीगमध्ये तर खेळाडू कागदावरचेच आहेत, नाही म्हणणार आहेत का?

पगारपत्रक:

ब्रन्सनचं खरं आहे: २०२४ च्या जुलैत चार वर्षांचे १५ कोटी ६५ लाख घेतले, वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे २६ कोटी ९० लाख मिळाले असते. पण ते 'सोडले' म्हणताना जरा थांबा. चार विरुद्ध पाच वर्षं आहेत, आणि लवकर सही केल्यामुळे पुढचा मोठा करारही लवकर येतो. शिवाय मधल्या वर्षात गुडघा गेला असता तर? त्याने हमी विकत घेतली, संघाने जागा.

डर्क नोवित्स्कीने २०१४ ला इतरांचे कमाल पगार नाकारून डॅलसमध्ये तीन वर्षांचे अडीच कोटींच्या आसपास घेतले, ते मात्र निखळ प्रेम. असे किती सापडतील?

आणि 'आत्ता कमी घे, नंतर बघू' हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. मिनेसोटाने जो स्मिथला तेच सांगितलं होतं. एकेक वर्षाचे स्वस्त करार करत राहा, बर्ड राईट्स पूर्ण झाले की घसघशीत देतो, असा गुपचूप कागद केला. २००० मध्ये तो कागद बाहेर आला. ३५ लाख डॉलर दंड, करार रद्द, पहिल्या फेरीचे पाच पिक जप्त. त्यातले काही नंतर परत मिळाले, पण संघाचा स्टार गार्नेट भरात असतानाची ती वर्षं परत मिळाली नाहीत. गंमत म्हणजे स्मिथ एक मोसम डेट्रॉईटला काढून पुन्हा मिनेसोटातच आला.

वादळवारा:

ओक्लाहोमाचं कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. २०१२ ला फायनल खेळलो, ड्युरँट, वेस्टब्रूक, हार्डन तिघंही पंचविशीच्या आतले. ऑगस्टमध्ये इबाकाशी करार केला आणि हार्डनच्या वेळी गाडी अडली. देऊ केलेले पैसे आणि कमाल पगार यातला फरक चार वर्षांत काही लाखांचा होता असं तेव्हा छापून आलं. करार वाढवायच्या मुदतीच्या चार दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, त्याला ह्यूस्टनला पाठवला. तिथे त्याने पाच वर्षांचे ८ कोटी घेतले आणि पुढे एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. मी तो ऑक्टोबर विसरलेलो नाही.

आता उलटं बघा. २०२५ चं विजेतेपद आणि लगेच जुलैमध्ये तिघांशी करार: शे गिल्जस-अलेक्झांडर चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख, जेलन विल्यम्स २८ कोटी ७० लाखांपर्यंत, होल्मग्रेन २५ कोटींपर्यंत. आकडे बघून भोवळ येते. पण ते सुरू कधी होतात? दोघांचे २०२६-२७ ला, शेचा त्यानंतर वर्षाने. २०२५-२६ ला तिघं मिळून ६ कोटींच्या आत आहेत. आणि हार्टेनस्टाईन, डॉर्ट यांचं २०२६-२७ चं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलंय, म्हणजे बिल यायच्या दिवशीच दोन दारं उघडी. बॉस्टनची सगळी बिलं एकाच महिन्यात आली, तिथे पंचाईत झाली.

तुमच्या तक्त्यात अजून एक रत्न आहे, त्याच्याकडे तुमचं लक्षच नाही. प्रिचर्ड. ७२ लाख! बाकावर बसायचा तेव्हा, २०२३ मध्ये, चार वर्षांचे ३ कोटी देऊन बांधला. २०२५ चा सर्वोत्तम सहावा खेळाडू तोच. त्याला कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.

राखीव_खेळाडू:

सगळ्यांचे आभार. जेलन ब्राऊन राहिला. काल रात्री बसून पुन्हा तक्ता केला, या वेळी पगाराशेजारी वय आणि करार संपायचं वर्ष लिहून. हॉलिडेच्या ओळीवर पेन्सिल आपोआप थांबली. वाईट वाटतं, कारण कॉम्प्युटरवरच्या सामन्यांत तोच माझा बचाव सांभाळत होता.

हॉलिडेसाठी पोर्टलंडवाल्याशी बोलणी सुरू आहेत, तो सायमन्स द्यायला तयार आहे. पिक गोठल्याचं तपासलं, खरंच कुलूप आहे. आणि प्रिचर्डला विचारणा आली होती, हो. वादळवाऱ्याचं उत्तर वाचायच्या आधी मी 'विचार करतो' म्हणालो होतो, आता 'नाही' कळवलंय.

अडलंय पोर्झिंगिसवर. आमच्या लीगमध्ये रिकामी जागा फक्त ब्रुकलिनवाल्याकडे आहे आणि त्याला ते पुरतं ठाऊक आहे. मी विचारलं, पोर्झिंगिस घेतोस का, एकच वर्षाचा करार आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: घेतो, सोबत पहिल्या फेरीचे दोन पिक दे.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत अवधी आहे म्हणालात ना? उद्या संध्याकाळपर्यंत त्याचा मेसेज उघडायचाही नाही असं ठरवलंय. रात्रीपासून तीनदा उघडून झालाय.