बाळंतपणानंतर पुन्हा धावायचंय, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, नॉर्मल डिलिव्हरीला ५ महिने झाले. टाके भरलेत, पण शिंक आली की थेंबभर लघवी होतेच. परवा बाळ झोपल्यावर दोरीच्या उड्या मारून पाहिल्या, तर दहाव्या उडीला कपडे ओले. खाली जडही वाटत राहतं. सासूबाई म्हणतात, पोट बांध, होईल बरं. पण घट्ट बांधल्यावर दाब उलट खालीच येतो ना? केगल (लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम) रोज ३ वेळा करतेय, ८-१० सेकंद आवळून धरायचं, मग तेवढाच वेळ सैल सोडायचं. बरोबर स्नायू आवळले जातायत का, तेच कळत नाही. कोथरूड-कर्वेनगरकडे नीट तपासून शिकवणारी महिला फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहे का? आणि कुणी पुन्हा धावायला लागलं असेल, तर आधी काय काय केलंत, प्लीज सविस्तर सांगा.