नोटेशनच्या रेषा फिक्या दिसतात, बोल्ड देऊनही फरक नाही

पाचोरा_क्लॅरिनेट:
राम राम मंडळी. आमच्या बँडच्या पोरांसाठी छोटी साइट केलीय, लगनसराईच्या आधी सगळे तिच्यावरच सराव करतात. नोटेशन व्हेरोव्हिओने (वेबपेजवर नोटेशन काढणारी लायब्ररी) दाखवतो, स्केल (चित्राचा आकार, टक्क्यांत) ४० ठेवलंय म्हणजे अख्खी ओळ मावते. पण तालमीच्या खोलीतल्या जुन्या मॉनिटरवर पाचही रेषा इतक्या फिक्या करड्या दिसतात की पोरं मधल्या रेषेवरचा बी बघून तिच्या लगेच खालच्या रेषेवरचा जी वाजवतात. सीएसएसमध्ये (साइटचं रूप ठरवणारा कोड) फॉन्ट-वेट बोल्ड दिलं तर गाण्याचं नाव तेवढं जाड झालं, नोटेशन होतं तसंच. फॉन्ट बदलू का? पुढच्या आठवड्यात पहिलं लग्न आहे हो.

भुसावळ_भो:
का भो, बोल्डचा तिथं उपयोगच नाही. व्हेरोव्हिओ सूर अक्षरं म्हणून छापत नाही, एसव्हीजीत (रेषा-आकारांचं चित्र) त्यांचे आकार काढतो, आणि रेषा तर फॉन्टमध्ये नसतातच, त्या वेगळ्या ओढतो. त्यांची जाडी स्टाफलाइनविड्थ या ऑप्शनमध्ये, मुळात ०.१५ असते. हिशोब कर, दोन रेषांमधलं अर्धं अंतर १०० स्केलला ९ पिक्सेल, तुझ्या ४० ला ३.६, त्याच्या ०.१५ पट म्हणजे ०.५४ पिक्सेल. अर्ध्या पिक्सेलची काळी रेघ जुना मॉनिटर काढणार कशी, तो करडा रंग फासून मोकळा होतो. स्केल ६० अन् जाडी ०.२० कर, १.०८ होते. एक ओळ मावत नसेल तर दोन होऊ दे. सुरांच्या उभ्या दांड्यांची स्टेमविड्थपण थोडी वाढव, नाहीतर रेषांपुढं त्या काड्या वाटतील.

धुळे_हार्मोनियम:
बरोबर. फक्त सूर जाड करायला सीएसएसने स्ट्रोक देऊ नका दादा, मी फसलेय. स्ट्रोक काठाच्या आतपण वाढतो, अर्ध्या नोटचं पोकळ डोकं बुजत आलं आणि माझ्या विद्यार्थिनी दोन मात्रांचा सूर एका मात्रेत सोडायला लागल्या. त्यापेक्षा व्हेरोव्हिओच्या मूळ लाइपझिग फॉन्टच्या जागी ब्राव्हुरा फॉन्ट लावून बघा, तो मुळातच ठसठशीत आहे. आणि धड्याच्या मजकुरात ब्राव्हुरा टेक्स्ट फॉन्टने क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची खूण) टाकत असाल तर तिथं मात्र बोल्ड लागू होतं, पण त्या फॉन्टला एकच वजन असल्याने ब्राउझर खोटी जाडी चढवतो. त्या स्पॅनला (मजकुराच्या तेवढ्या तुकड्याला) सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस ‘नन’ (none) द्या.

पाचोरा_क्लॅरिनेट:
जमी गयं भाऊ! ६० अन् ०.२० ठेवलं, ब्राव्हुरा लावला. मागच्या रांगेतल्या ढोलवाल्यानं तिथूनच बी ओळखला. ताई, स्ट्रोक मीपण देणारच होतो, वाचलो.