टाहोहून चौघं सेस्ना १७२ मधून (चार सीटचं छोटं विमान), जमेल ना? उद्याच निघायचंय, लवकर सांगा

कॅलिफोर्नियात साउथ लेक टाहोला आहे. उद्या दुपारी जेवून पालो आल्टोला परत निघायचंय, मी, बायको, सासू-सासरे. क्लबच्या इन्स्ट्रक्टरला सहज फोन केला तर म्हणे डेन्सिटी अल्टिट्यूड (गरम, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) नऊ हजार फुटांच्या वर जाईल, चौघं विसर. अरे पण रनवे साडेआठ हजार फूट आहे आणि परवा येताना काहीच झालं नाही, मस्त उतरलो. तो उगाच घाबरवतोय का? फिलॉसॉफी नको, हो की नाही सांगा प्लीज.

गॅरेजवाला: १७२ चं कुठलं मॉडेल? एन, पी, एस? वजनं किती, पेट्रोल किती, दुपारचं टेंपरेचर किती? जन्मवेळ न सांगता पत्रिका मागतोयस.

मीनल_रेनो: आम्ही गेल्या वर्षी चौघं आरामात निघालो होतो टाहोहून, काही होत नाही. निघण्याआधी एमराल्ड बे नक्की बघा.

सिएरावाला: मीनलताई, तुम्ही ट्रकीहून निघाला असाल, ते सरोवराच्या उत्तरेला. ५,९०० फूट. हे दक्षिणेचं ६,२६० च्या वर. आणि महिना कुठला होता?

मीनल_रेनो: फेब्रुवारी. ट्रकीच होतं बहुतेक, बर्फ होता एवढं आठवतंय 😀

धागाकर्ता: १७२एन, १६० हॉर्सपॉवर, रिकामं वजन १,४७० पौंड. मी ८४ किलो, बायको ६३, सासरे ७८. सासूबाईंना विचारायची हिंमत नाही, बायको म्हणते ७० धर. बॅगा २५ किलो. उद्या २७ डिग्री. टाक्या आल्याआल्या फुल करून घेतल्या, ४० गॅलन.

गॅरेजवाला: माणसं ६५० पौंड, बॅगा ५५, पेट्रोल २४०, विमान १,४७०. झाले २,४१५. एनची मर्यादा २,३००. डेन्सिटी अल्टिट्यूड राहू दे बाजूला, समुद्रकिनाऱ्यावरूनही तू ११५ पौंड ओव्हर आहेस. एक मिनिट, मग येताना काय केलंस?

धागाकर्ता: येताना आम्ही दोघंच होतो ना. सासू-सासऱ्यांना मेहुणा कारने सोडून पुढे रेनोला गेला.

गॅरेजवाला: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं राजा!!

पंख्या: एवढं काही नाही हो. पंधरा-वीस गॅलन काढून टाका, मिक्श्चर नीट लीन करा (विरळ हवेच्या मानाने पेट्रोल कमी), रनवे लांब आहे, उडतंय. लोक फुल रिचवर टेकऑफ करतात आणि मग पॉवर नाही म्हणून रडतात.

सिएरावाला: लीन करायचंच, पण लीन केल्याने हवा दाट होत नाही. त्या उंचीला २.५ डिग्री हे स्टँडर्ड, वरच्या प्रत्येक डिग्रीला १२० फूट धरा, २७ ला डेन्सिटी अल्टिट्यूड ९,२०० येते. १६० घोड्यांतले चाळीसेक घोडे गेले तिथेच. आणि रनवे लांब असून काय उपयोग, चाकं सुटल्यावर चढायचं कसं ते बोला. विमानाच्या पुस्तकात चढायचा वेग मिनिटाला तीन-साडेतीनशे फूट, तेही नव्या इंजिनाला. दुपारी डोंगरावरून पश्चिमेचा वारा खाली आपटतो तो तेवढं सहज खाऊन टाकतो.

पंख्या: मी तिथून तीनदा निघालोय.

सिएरावाला: किती जण होतात?

पंख्या: एकटा. पण सामान होतं.

नाना_सातारकर: विमानातलं कळत नाही, पण हा एअरपोर्ट चक्क शहराच्या मालकीचा आहे आणि टर्मिनलमध्येच नगरपालिकेचं ऑफिस आहे म्हणे? आमच्या नगरपालिकेला स्टँडसमोरचा खड्डा बुजत नाही.

मीनल_रेनो: हो, तिथेच आहे. पूर्वी एअरलाइन्सची विमानंही यायची, आता नाही. टॉवरही बंद, रेडिओवर आपलं आपणच सांगायचं मी इकडे आहे, तिकडे चाललोय.

धागाकर्ता: बरं, मी एकटा निघतो, हे तिघं टॅक्सीने प्लेसरव्हिलला येतील, तो एअरपोर्ट अडीच हजार फुटांवरच आहे, तिथून चौघं. चालेल?

गॅरेजवाला: अर्ध्या तासात चार-पाच गॅलन जळतील, म्हणजे तीस पौंड. अजून ऐंशी-पंच्याऐंशीने ओव्हरच. बेरीज कर रे स्वतः.

सिएरावाला: दोघंच बसा, सकाळी सातच्या आत निघा. ८ डिग्री असेल तर ६,९०० येते, वाराही नसतो. वारा परवानगी देत असेल तर रनवे ३६ वरून (उत्तरेकडे तोंड) सरोवराकडे निघा, पाण्यावर उंची घेऊन मगच डोंगराकडे वळा. बाकी दोघं भाड्याच्या कारने हायवे ५०.

नाना_सातारकर: टाहोत जाऊन टाहो फोडायची वेळ आली म्हणायची. तासाला काय भाडं पडतं हो विमानाचं?

धागाकर्ता: बायको म्हणते, "म्हणजे घाटातून आईबाबांना घेऊन गाडी मी चालवायची आणि तू वरून हात हलवणार?" शेवटी ठरलं, सासरे माझ्याबरोबर, त्या दोघी कारने, बॅगाही कारमध्ये. सासरे आत्तापासून बूट पॉलिश करतायत. सासूबाई विचारतायत, वजनाचा आकडा नक्की कोणी सांगितला.